स्थानिक लाकडाचे सामर्थ्य आणि त्याची कसोटी

सागवानाची कीर्ती महाराष्ट्राला नवी नाही. आलापल्लीच्या जंगलातील साग आणि बल्लारपूरच्या आगारातील ओंडके यांना देशभर मान आहे. २०२३ साली अयोध्येतील राममंदिराच्या कामासाठी याच भागातून सागवान रवाना झाले. परंतु एका झाडाच्या कीर्तीमुळे त्याच्या शेजारी वाढणाऱ्या अनेक झाडांचे गुण झाकले जातात, हेही तितकेच खरे आहे. विदर्भाच्या आणि सह्याद्रीच्या जंगलांत ऐन, धावडा, बिबळा, हेद आहेत. कोकणात किंजळ आणि फणस आहेत. शेताच्या बांधावर बाभूळ आणि आंबा आहेत. आणि गेल्या काही दशकांत शेतकऱ्यांनी निलगिरी, सुबाभूळ, मलबार नीम यांची लागवड केली आहे. यांपैकी कोणते लाकूड किती भार पेलू शकेल आणि ते खात्रीने कसे सांगता येईल, हा केवळ शास्त्रज्ञांच्या जिज्ञासेचा प्रश्न नाही. वनांचे रक्षण, शेतकऱ्याच्या पिकाला मिळणारा भाव आणि बांधकामावर राबणाऱ्या मजुराचे प्राण या तिन्ही गोष्टी त्याच्याशी निगडित आहेत.

सुताराचे ज्ञान आणि प्रयोगशाळेचे ज्ञान

लाकडाची पारख आपल्याकडे पूर्वापार चालत आलेली आहे. गाडीचे चाक बाभळीचे, कुऱ्हाडीचा दांडा धावड्याचा, घराची तुळई सागाची किंवा ऐनाची आणि खोक्याची फळी आंब्याची, ही विभागणी कोणत्याही ग्रंथातून आलेली नाही. पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवाने ती ठरली आहे आणि बहुतांशी ती अचूक आहे. मात्र या ज्ञानाला एक मर्यादा आहे. धावडा चिवट आहे एवढे सुतार सांगू शकतो. तो किती चिवट आहे हे अंकांत सांगू शकत नाही. स्थापत्य अभियंत्याला तर अंकच लागतो. अंक नसेल तर तो ते लाकूड आपल्या आराखड्यात घेणार नाही आणि ओळखीच्या सागाकडे अथवा लोखंडाकडे वळेल.

ही उणीव भरून काढण्याचे काम डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेने केले. १९०६ साली स्थापन झालेल्या या संस्थेत देशातील विविध जातींच्या लाकडांचे हजारो तुकडे यंत्रात घालून तपासण्यात आले. या कार्यात व्ही. डी. लिमये यांचे नाव आदराने घ्यावे लागते. भारतीय लाकडांच्या भौतिक आणि यांत्रिक गुणधर्मांवरील त्यांचे प्रबंध पुढे अभियंत्यांच्या उपयोगी पडले. १९५४ साली त्यांनी लाकडांचे गुणधर्मांनुसार आणि उपयोगांनुसार गट पाडून दाखविले. सागाचा प्रत्येक गुण शंभर धरावयाचा आणि इतर लाकडांचे गुण त्याच्या तुलनेत मांडावयाचे, ही संस्थेची पद्धत सामान्य वाचकालाही सहज समजण्याजोगी आहे.

या तुलनेतून एक महत्त्वाची गोष्ट पुढे आली. केवळ सामर्थ्याच्या कसोटीवर साग सर्वश्रेष्ठ नाही. इमारती लाकडाच्या भारतीय मानक ८८३ मध्ये ताठरपणानुसार अ, ब, क असे तीन गट आहेत. त्यात साल वृक्षाचे लाकूड ‘अ’ गटात येते, तर साग आणि ऐन हे दोघेही ‘ब’ गटात येतात. सागाचे खरे मोठेपण आकार न सोडण्यात आणि वाळवीला दाद न देण्यात आहे. ऐन भार पेलण्यात सागाच्या मागे नाही. पण तो जड आहे, वाळताना तडकतो आणि वाकतो. म्हणजे त्याची उणीव बळाची नसून वागणुकीची आहे. ही वागणूक सुधारता आली तर या लाकडाचा दर्जाच बदलेल.

अभियांत्रिकी लाकूड

लाकडाची वागणूक सुधारण्याचा मार्ग म्हणजे ते कापून पुन्हा जोडणे. ओंडका यंत्रावर फिरवून त्याचे पातळ पापुद्रे काढतात आणि एकाचे तंतू उभे, दुसऱ्याचे आडवे ठेवून ते राळेने चिकटवितात, हेच प्लायवूड. सर्व पापुद्र्यांचे तंतू एकाच दिशेला ठेवले की तुळईस योग्य असे स्तरित लाकूड तयार होते. पापुद्र्यांऐवजी जाड फळ्या एकावर एक चिकटविल्या की हव्या त्या लांबीची, वाटल्यास कमानदारही, तुळई बनते. जर्मनीत ओटो हेट्झर यांनी १९०६ साली अशा कमानदार तुळईचे एकस्व घेतले. या सर्व प्रकारांना आज अभियांत्रिकी लाकूड असे म्हणतात.

लाकूड तंतूंच्या दिशेने जवळजवळ आकसत नाही, पण तंतूंना आडवे पुष्कळ आकसते. सागासारखे शांत लाकूडही हिरव्या अवस्थेपासून पूर्ण वाळेपर्यंत वाढीच्या वलयांच्या दिशेने सुमारे ६ टक्के आणि गाभ्याकडून सालीकडे सुमारे अडीच टक्के आकसते. प्लायवूडमध्ये उभा थर आडव्या थराला धरून ठेवतो, त्यामुळे हे आकसणे फारच थोडे उरते. लहान व्यासाच्या, गाठींच्या, एरवी सरपणात गेल्या असत्या अशा ओंडक्यांनाही त्यामुळे काम मिळते.

शासकीय धोरणाची दिशाही हीच राहिली आहे. उद्योगांनी आपला कच्चा माल शक्यतो शेतकऱ्यांच्या सहकार्याने वनांबाहेर पिकवावा, असे १९८८ च्या राष्ट्रीय वननीतीने सांगितले. १२ डिसेंबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गोदावर्मन प्रकरणी दिलेल्या आदेशानंतर वनांतील वृक्षतोडीवर कडक निर्बंध आले आणि प्लायवूडच्या कारखान्यांना शेतातील लाकडाकडे वळावे लागले. पॉप्लर आणि निलगिरी यांच्या बळावर हरियाणातील यमुनानगर आणि रबराच्या झाडांच्या बळावर केरळमधील पेरुंबावूर ही प्लायवूडची मोठी केंद्रे झाली. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाने १९९३ साली आपल्या इमारतींतील लाकडाचा वापर बंद केला होता; ती बंदी २०२० साली उठली. दार पुन्हा उघडले आहे. त्यातून आत येणारे लाकूड मात्र पारखलेले असले पाहिजे.

तुकडा यंत्रात जातो तेव्हा

सामर्थ्याची चाचणी वरवर पाहता अगदी साधी असते. भारतीय मानक १७०८ प्रमाणे लाकडाचा स्वच्छ, बिनगाठीचा तुकडा घेतात. वाकण्याच्या चाचणीसाठी तो ५ सेंटिमीटर जाड, ५ सेंटिमीटर रुंद आणि ७५ सेंटिमीटर लांब असतो. लहान नमुना २ सेंटिमीटर जाडी-रुंदीचा आणि ३० सेंटिमीटर लांबीचा. तो दोन आधारांवर ठेवून मध्यावर सावकाश, एकाच वेगाने दाब देत जातात आणि प्रत्येक भाराला तो किती वाकला याची नोंद करतात.

समजा, २ सेंटिमीटरचा एक नमुना २८ सेंटिमीटर अंतरावरील आधारांवर ठेवला आणि तो १,७०० न्यूटन, म्हणजे साधारण १७३ किलोग्रॅम वजनाइतक्या भाराला मोडला. गणित केले असता त्याच्या तळाच्या तंतूंवर मोडताना प्रत्येक चौरस मिलिमीटरला सुमारे ८९ न्यूटन इतका ताण आला होता असे दिसते. हा झाला मोडण्याचा ताण. मोडण्यापूर्वी तो भाराच्या प्रमाणात किती वाकत गेला, यावरून ताठरपणाचा अंक मिळतो. तुळई मोडणे ही क्वचितची आपत्ती असते. छप्पर खचणे आणि दार अडकणे हा नेहमीचा त्रास असतो. म्हणून अभियंत्याला दोन्ही अंक हवे असतात.

याखेरीज तंतूंच्या दिशेने दाबण्याची, तंतू एकमेकांवरून सरकविण्याची, हातोड्याच्या आघाताची आणि कठीणपणाची अशा निरनिराळ्या चाचण्या असतात. कठीणपणा मोजण्यासाठी पोलादी गोळा अर्धा आत रुतेपर्यंत लाकडात दाबतात आणि त्यासाठी लागलेला भार नोंदतात. प्रत्येक चाचणीबरोबर तुकड्यातील ओलावाही मोजावा लागतो. कारण ओले लाकूड सुक्यापेक्षा दुबळे असते. सर्व अंक १२ टक्के ओलाव्यावर आणून मांडले म्हणजेच दोन लाकडांची तुलना न्याय्य ठरते.

सरासरीचा मोह

येथे एक धोका ध्यानात ठेवला पाहिजे. दहा तुकड्यांची सरासरी चांगली आली म्हणून अकरावा तुकडाही तसाच निघेल असे नाही. लाकूड ही कारखान्यातील पोलादाची कांब नव्हे. एकाच झाडाच्या बुंध्याचे आणि शेंड्याचे, गाभ्याचे आणि बाहेरचे लाकूड वेगळे असते. गाठ आली की तंतू वळतात आणि बळ घटते. लवकर तोडलेल्या लागवडीच्या झाडांत कोवळ्या लाकडाचे प्रमाण अधिक असल्याने हा फरक आणखी वाढतो.

उदाहरणार्थ, अखंड फळ्यांच्या एका ढिगाचे सरासरी बळ ६० आहे आणि त्यातील चढउताराचे प्रमाण, ज्याला संख्याशास्त्रात प्रमाण विचलन म्हणतात ते, १८ आहे असे समजू. अशा ढिगातील शंभरांपैकी दुबळ्यातल्या दुबळ्या पाच फळ्या ३० किंवा त्याहून कमी बळाच्या निघतील. आता त्याच फळ्या कापून, मोठ्या गाठी काढून, थर जोडून तुळया केल्या आणि त्यांची सरासरी ५८ आली, पण चढउतार केवळ ८ राहिला, तर दुबळ्या पाचांची सीमा ४५ वर जाते. सरासरी दोन अंकांनी घटली, तरी भरवशाचे बळ दीडपट झाले. कारण एका थरातील दोष शेजारच्या थराच्या चांगल्या भागाखाली झाकला जातो. अभियांत्रिकी लाकूड हे लाकडाला मुळात अधिक बलवान करीत नाही. ते त्याला अधिक विश्वासार्ह करते. छपराखाली झोपणाऱ्या कुटुंबाला सरासरी तुळईचा उपयोग नाही. त्यांच्या डोक्यावरची तुळई धड असली पाहिजे.

सांध्याची परीक्षा

परंतु लाकूड जोडले की राळेचा सांधा हा एक नवा दुबळा भाग त्यात निर्माण होतो आणि उष्ण प्रदेशातील लाकडांच्या बाबतीत खरी अडचण येथेच येते. सागाच्या अंगी तेलकटपणा आहे. त्याचा पृष्ठभाग जुना झाला की राळ नीट धरीत नाही, म्हणून रंधा मारल्यावर लवकर जोडणी करावी लागते. ऐनासारख्या घट्ट लाकडात राळ खोल शिरत नाही. निलगिरीच्या ओंडक्यात वाढतानाच साठलेला ताण असतो. तो कापताच टोकाला फाटतो. रबराच्या लाकडात पिष्टाचे प्रमाण अधिक असल्याने त्याला भुंगा लवकर लागतो, म्हणून त्यावर रक्षक द्रव्याची प्रक्रिया करावी लागते आणि त्या प्रक्रियेनंतर राळ धरते की नाही हेही पुन्हा तपासावे लागते. परदेशातील पाइन वृक्षासाठी ठरविलेली राळ, दाब आणि तापमान जशीच्या तशी येथे वापरून भागत नाही. प्रत्येक स्थानिक लाकडासाठी ती प्रयोगाने ठरवावी लागतात. १९६२ साली बंगळूर येथे स्थापन झालेल्या प्लायवूड संशोधन संस्थेने देशी लाकडांच्या आणि बांबूच्या बाबतीत असेच काम केले. बांबूच्या चटयांपासून तयार होणाऱ्या फळ्या हे त्याचे ठळक फळ होय.

सांधा कसा तपासतात हे पाहण्यासारखे आहे. भारतीय मानक १७३४ मध्ये प्लायवूडच्या चाचण्या दिल्या आहेत. त्यांपैकी एक केवळ सुरीने करावयाची असते. थरांच्या मध्ये सुरी घालून पापुद्रा उचकटतात आणि उघडा पडलेला भाग पाहतात. तेथे लाकडाचे तंतू तुटून चिकटलेले दिसले तर सांधा लाकडापेक्षा बळकट होता असे ठरते. पृष्ठभाग काचेसारखा गुळगुळीत उघडला तर राळेने दगा दिला असे समजावयाचे. यंत्रावर सांधा सरकवून तोडतानाही हेच पाहतात. म्हणजे किती भाराला तुटला याइतकेच कोठून तुटला हे महत्त्वाचे असते.

यानंतर पाण्याची परीक्षा येते. जहाजबांधणीच्या प्लायवूडसाठी असलेल्या भारतीय मानक ७१० मध्ये नमुना ७२ तास उकळत्या पाण्यात ठेवून मग सांध्याचे बळ मोजतात. तीन दिवस-रात्र उकळूनही जो सांधा सुटत नाही, तो पावसाळ्यात सुटणार नाही असा भरवसा त्यातून मिळतो. बुरशीच्या सान्निध्यात ठेवून राळ टिकते का हेही पाहिले जाते.

कोकणचा पाऊस आणि विदर्भाचे ऊन

ही परीक्षा आपल्या राज्यात विशेष आवश्यक आहे. लाकूड हवेतील दमटपणा शोषते आणि सोडते. हवेतील आर्द्रता ८५ टक्के असेल तर लाकडातील ओलावा हळूहळू १८ टक्क्यांच्या आसपास येतो. ती ३० टक्क्यांवर आली की ओलावा सुमारे ६ टक्क्यांवर उतरतो. रत्नागिरीचा आषाढ आणि चंद्रपूरचा वैशाख ही या दोन टोकांची उदाहरणे म्हणता येतील. एकाच राज्यात, एकाच वर्षात लाकडाला इतका प्रवास करावा लागतो आणि प्रत्येक फेरीत सांध्यावर ताण येतो. भारतीय मानक २८७ ने देशाचे चार विभाग करून कोठे लाकूड किती वाळवून वापरावे हे सांगितले आहे. ते न पाहता कोकणात जोडलेले दार विदर्भात बसविले, तर त्याच्या भेगांचा दोष लाकडाच्या जातीवर ढकलणे योग्य होणार नाही.

अंकापासून तुळईपर्यंत

चाचणीत मिळालेला अंक जसाच्या तसा आराखड्यात घालता येत नाही. यंत्रातील तुकडा बिनगाठीचा असतो, छपराची तुळई तशी नसते. यंत्रातील भार काही मिनिटांचा असतो, छपराचा भार काही दशकांचा असतो. आणि जे लाकूड पाच मिनिटे एखादा भार पेलते, ते दहा वर्षे त्याच्या साधारण तीनपंचमांश भारच सुखरूप पेलू शकते. म्हणून बंदिस्त जागेतील तुळईसाठी स्वच्छ तुकड्याच्या मोडण्याच्या ताणाचा सुमारे पाचवा हिस्साच मान्य केला जातो. उघड्या जागेत त्याचाही पाचषष्ठांश आणि सतत ओल्या जागेत दोनतृतीयांश इतकाच ताण धरतात. ही सावधगिरी म्हणजे लाकडावरील अविश्वास नव्हे. त्याच्या स्वभावाची ती जाण आहे.

याच गणितातून काटकसरीचा मार्गही निघतो. तुळई वाकते तेव्हा वरच्या आणि खालच्या कडांवर सर्वांत अधिक ताण येतो आणि मध्यावर जवळजवळ येत नाही. सारख्या जाडीचे सहा थर जोडून केलेल्या तुळईत सगळ्यांत वरचा आणि सगळ्यांत खालचा असे दोनच थर एकूण ताठरपणाचा सुमारे ७० टक्के वाटा उचलतात. मग कडांना ऐन किंवा किंजळ आणि मध्ये मलबार निमासारखे हलके लाकूड का घालू नये? सहा फळ्यांपैकी चार शेतातून आल्या तरी तुळईचे काम बिघडणार नाही. मात्र दोन निरनिराळ्या लाकडांचे आकसणे जुळते का आणि त्यांच्यामधील सांधा टिकतो का, हे प्रत्येक जोडीसाठी प्रत्यक्ष तपासूनच ठरविले पाहिजे.

विश्वासाचा शिक्का

या सर्व खटाटोपाचे मोल कोणाला? पहिला शेतकरी. निलगिरी किंवा मलबार निमाची पाच-सात वर्षे जोपासना करणाऱ्याला आपले लाकूड वजनावर विकावे लागते, तेव्हा त्याच्या हाती जळाऊ लाकडाच्या जवळपासचा भाव येण्याची भीती असते. त्याच लाकडाच्या पापुद्र्याचे बळ आणि सांध्याची क्षमता अंकांत सिद्ध झाली, तर तो कारखानदारापुढे निश्चित मागणी मांडू शकतो.

दुसरा बांधकामावरील मजूर. ओल्या काँक्रीटचे वजन प्रत्येक घनमीटरला सुमारे अडीच टन असते आणि ते सेंटरिंगच्या फळ्यांवर पडते. या फळ्यांसाठी भारतीय मानक ४९९० आहे. पाण्याने थर सुटलेली, वरून धड दिसणारी फळी खाली काम करणाऱ्यांच्या जिवावर बेतू शकते. तेथे स्वस्तातल्या फळीने वाचविलेल्या पैशाचा हिशेब कोणत्याही वहीत बसत नाही.

तिसरा सामान्य गृहस्थ. फळीच्या आत काय आहे हे त्याला डोळ्यांनी दिसत नाही. शिक्क्यावर विश्वास ठेवणे एवढेच त्याच्या हाती असते. तो विश्वास निराधार राहू नये म्हणून केंद्र शासनाने २०२३ साली प्लायवूड आणि लाकडी फ्लश दरवाजे यांच्यासाठी गुणवत्ता नियंत्रण आदेश काढून मानक चिन्ह बंधनकारक करण्याचे पाऊल उचलले. कायद्याचा हा हेतू सफल व्हावयाचा तर शिक्क्यामागे चाचणी खरोखरच झालेली असली पाहिजे. नमुना कारखानदाराने निवडून दिलेला नसावा. तो ढिगातून, कोणतीही निवड न करता उचललेला असावा. नापास झालेला नमुना लपविला न जाता त्याचे कारण शोधले जावे.

अभियांत्रिकी महाविद्यालयांतील यंत्रांवर काँक्रीटचे ठोकळे जसे नित्य तपासले जातात, तसेच त्या त्या जिल्ह्यात वाढणाऱ्या लाकडाचे तुकडे आणि सांधेही तपासले जाऊ लागले, वन विभाग आणि शेतकऱ्यांच्या संस्था यांनी नमुने पुरविले आणि सुताराच्या अनुभवाची त्याला जोड मिळाली, तर पुष्कळ स्थानिक लाकडे आज आहेत त्याहून मानाच्या जागी बसतील. जंगलातील जुना साग तोडण्याची निकडही त्यामुळे काही अंशी कमी होईल. झाडाचे नाव मोठे आहे की लहान, हे यंत्राला ठाऊक नसते. त्यात घातलेला तुकडा किती भार पेलतो आणि कोठून तुटतो, एवढेच ते सांगते. हे उत्तर प्रामाणिकपणे घेण्याची आणि त्याप्रमाणे बांधण्याची सवय लागली, तर आपल्या मातीत वाढलेल्या लाकडावर निर्धास्तपणे छप्पर टेकविता येईल.